बिबट्या रद्द

ता. ७ नोव्हेंबर १९४९, सोमवार

आज सिद्ध झाले. कचेरीतली माझी खुर्ची डावीकडे कलते.

संस्थान विलीन झाले, निशाण उतरले, महाराजांची कचेरी मुंबई सरकारची झाली. शिक्के बदलले, शाईसुद्धा बदलली (नवी पातळ आहे). बदलली नाही ती खुर्ची. एका कारकुनाने चोवीस वर्षे इमानाने चाकरी करावी आणि सरकारने त्याला साडेतीन पायांवर बसवावे, याची नोंद इतिहास घेईल. इतिहासाला सवड नसेल म्हणून मी घेऊन ठेवतो.

मामलेदारसाहेबांना अर्ज दिला. तिसरा. त्यांनी देवजी पट्टेवाल्याला खुर्ची तपासायला सांगितली. देवजीने ती चारी बाजूंनी हलवून पाहिली, मग स्वतः ऐसपैस बसला. म्हणाला, खुर्ची सरळ आहे, भाऊसाहेब. देवजीला सुतारकामातले काही कळत नाही.

निश्चय: उद्या डाव्या पायाखाली पुठ्ठा.

ता. ९ नोव्हेंबर, बुधवार

पुठ्ठा घातला. आता खुर्ची डुगडुगते आणि तरीही मी डावीकडेच कलतो. म्हणजे फरशी.

घरी आरसा तिरका टांगलेला. सरळ केला. गौरा म्हणाली, आता तिरका झाला, आणि पहिल्यासारखा करून चुलीकडे गेली. बायकोशी आरशावरून वाद घालू नये.

संध्याकाळी राजवाड्याच्या रस्त्याने परत येताना तो पुन्हा दिसला. माझ्यापुढे चालत होता. लांबलचक, काळा, एक खांदा पडलेला, एक हात ओल्या फडक्यासारखा लोंबणारा. मी थांबलो की थांबतो. ऊन गेले की जातो. ओळखीचा वाटत नाही. विलीनीकरणानंतर गावात नाही नाही ती माणसे आली आहेत, त्यांच्यापैकी असेल.

ता. १२ नोव्हेंबर, शनिवार

परिपत्रक आले. संस्थानच्या सर्व जुन्या नोकरांची शरीरतपासणी, ता. २४ला. ठाण्याहून डॉक्टर येणार. पात्र ते मुंबई सरकारच्या सेवेत. अपात्र त्यांना घरी बसवणार. घरी बसून खायचे काय, याबद्दल परिपत्रकात मजकूर नाही. आमच्या वाट्याची जमीन चुलत्यांनी कधीच घशात घातली. गौराने परिपत्रक माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि तांदळाचे मडके उघडून आत पाहिले.

मला काळजी नाही. माझा डावा हात जरा मंद आहे हे गावाला माहीत आहे, आणि कारणही. सन १९२८ची शिकार. महाराजांच्या लवाजम्यात मी टिपणे घ्यायला होतो. करवंदीच्या जाळीतून बिबट्या निघाला आणि त्याने माझा खांदा धरला. सेवापुस्तकात नोंद आहे: 'शिकारप्रसंगी बिबट्यापासून इजा.' नोंदीचा मसुदा मीच करून दिला होता, माझे अक्षर चांगले म्हणून.

आई वेगळेच सांगायची. म्हणायची, तुझा हात गोजाच्या मुठीत राहिला. गोजाबाई म्हणजे दाभोसा गावची सुईण, माझ्या वेळचे बाळंतपण केलेली. हात हलेना तेव्हा आईने तिला भुताळी म्हटले, आणि आईचा आवाज मोठा होता. मी भुताळी वगैरे मानत नाही. बाजाराच्या दिवशी म्हातारी नागलीवाल्यांच्या रांगेत बसते, तेव्हा मी पलीकडच्या बाजूने जातो. तिकडे सावली असते.

अलीकडे बसल्या बसल्या मानेच्या डाव्या बाजूला कोणी मूठ आवळून खाली ओढते आहे असे वाटते. मागे वळून पाहिले तर कोणी नसते. थंडी.

ता. १५ नोव्हेंबर, मंगळवार

तपासणीसाठी नवा कोट. तय्यबकडे गेलो. तय्यबच्या वडिलांनी माझ्या वडिलांचे कोट शिवले, तरी तय्यबला अजून माप घेता येत नाही. डावी बाजू खाली लोंबते म्हणून तक्रार केली. तो म्हणाला, कोट बरोबर आहे. मग काय चूक आहे, असे विचारल्यावर त्याने टेप गळ्यात अडकवली आणि चहा मागवला.

डाव्या खांद्यात कापूस भरायला सांगितले.

"किती भरू, भाऊसाहेब? कोटाची गादी होईल."

होऊ दे म्हटले.

त्याच्या दुकानातल्या उभ्या आरशात तो दिसला. या खेपेला ऊन नव्हते, दिवसाढवळ्या, माझ्या अगदी जवळ. तय्यबने दोघांकडे पाहिले आणि एकाचेच माप घेतले.

निश्चय: तय्यबकडचा आरसा पाहायचा नाही. घरचाही नाही. कचेरीच्या खिडकीच्या काचाही.

ता. २१ नोव्हेंबर, सोमवार

कापूस पुरत नाही. रात्रभर विचार करून उत्तर काढले. बांबूच्या कामट्या. बुरुडाकडून चार आणवल्या, पाठीला लावल्या, गौराने जुन्या लुगड्याच्या पट्टीने आवळून बांधल्या. बांधताना म्हणाली, टोपली विणतात तेव्हा निदान आत काहीतरी ठेवायचे असते.

कामट्यांसह घरात पाच फेऱ्या मारल्या. सरळ. वाकून जोडा घालता येत नाही, हसता येत नाही, जेवण अर्ध्यावर अडते. पण सरळ. गौराने लांब उभी राहून पाहिले. म्हणाली, कामट्या सरळ आहेत.

मूठ आज कामट्यांच्या आतून ओढत होती.

ता. २४ नोव्हेंबर, गुरुवार. दुपार

डॉक्टर पोरसवदा. चष्मा, बारीक मान. मी आत गेलो तो ताठ, बिबट्याचे नाव तोंडावर तयार. तो म्हणाला, कोट काढा. काढला. सदरा काढा. मी म्हणालो, संस्थानात अशी पद्धत नव्हती. तो म्हणाला, हे संस्थान नाही.

कामट्या त्याने चष्म्यावरून पाहिल्या. म्हणाला, दीर्घ श्वास घ्या. घेतला. एक कामटी कट्‌ करून मोडली. बाहेर देवजी खोकला. तो खोकला नव्हता.

मग डॉक्टरने स्वतः पट्टी सोडली, आणि माझ्या पाठीच्या कण्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. बोट सरळ उतरेल अशी माझी कल्पना. ते आमच्या घाटरस्त्यासारखे वळणे घेत गेले. एक मोठे वळण उजवीकडे, खाली एक लहान, उलटे. आपल्या पाठीत घाट आहे हे माणसाला पंचेचाळिसाव्या वर्षी कळावे.

बिबट्याने कुठे धरले, असे विचारले. दाखवले. व्रण नाही, म्हणाला. मी म्हणालो, जुना काळ, तेव्हा जनावरेही सभ्य होती.

तो हसला नाही. हात वर करायला सांगितला. तो खांद्यापर्यंतही गेला नाही. कोपर वळवायला सांगितले. नेहमीप्रमाणे वळले नाही. मग तो बाजारभाव सांगावा तसे सांगू लागला. बाळंतपणात डोके बाहेर येते, खांदा अडकतो. ओढताना मान ताणली जाते आणि हाताच्या नसा तुटतात. हात लुळा राहतो. वाढत्या वयात एका बाजूचे स्नायू ओढतात, दुसऱ्या बाजूचे ओढत नाहीत, काहींचा कणा त्यात वाकतो. सगळ्यांचा नाही.

"तुमचा वाकला," म्हणाला.

पुढचे जास्त गंभीर. सेवापुस्तकात बिबट्या आहे. नोकरीत झालेली आणि अजून वाढत जाणारी इजा असेल, तर अपात्र. जन्मापासूनचे व्यंग असेल आणि ते सांभाळून चोवीस वर्षे लिखाण केले असेल, तर त्याची हरकत नाही. लिहायला उजवा हात आहे. पण कागदावरचा बिबट्या तो नुसत्या मताने पुसू शकत नाही. जन्म पाहिलेले कोणी माणूस आणा, म्हणाला. दहा-बारा दिवस तो इकडेच आहे, मोखाड्याची तपासणी उरकायला.

आई नाही, बाबा नाहीत, आत्या नाहीत.

आहे ती एकच.

ता. २५ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टर अननुभवी आहे. एवढी वर्षे मी वाकडा असतो तर कोणी बोलले असते. कचेरीत सहज चौकशी केली. देवजी म्हणाला, बोलायचे काय त्यात, भाऊसाहेब, सगळ्यांना दिसतेच की.

बिबट्या मला स्वच्छ आठवतो. मागच्या वर्षीपर्यंत तो मध्यम होता. आता आठवतो तो चांगलाच थोराड, डाव्या कानाला चिरा.

ता. २८ नोव्हेंबर, सोमवार

दाभोशाला निघालो होतो. देवजीच्या मेव्हण्याची गाडी, बैल उत्तम. खिशात दोन लिंबे होती, ती तहानेसाठी. ओहोळापर्यंत गेलो. तिथे पाण्यात वाकून पाहिले तर तो आधीच आत होता, वर बघत. मूठ मानेपासून खांद्यापर्यंत उतरली. ताप असावा. परतलो.

गौराने कपाळाला हात लावून पाहिला आणि मला चूल फुंकायला बसवले.

ता. २ डिसेंबर, शुक्रवार. बाजार

अशा बाबी बायकांनी बायकांशी बोलाव्यात. गौराला पाठवले. मी पलीकडे, सावलीत. म्हातारी टोपलीमागे बसली होती, लहानशी. इतकी लहान असेल असे वाटले नव्हते. गौरा उकिडवी बसून बोलली, म्हातारीने मान हलवली, गौराने शेरभर नागली घेतली.

निरोप असा: ज्याचा हात, त्याने यावे.

गौराने जाता जाता स्वतःचेही मत सांगितले. पुरुषमाणूस बिबट्याला भेटून येतो आणि सुईणीला भितो.

ता. ४ डिसेंबर, रविवार. दाभोसा

गेलो. ओहोळाकडे पाहिले नाही.

कुडाची झोपडी, अंगण शेणाने सारवलेले, खळ्यावर पेंढा. म्हातारी दारात भात पाखडत होती. मी वडिलांचे नाव सांगितले. सुपातले भात तसेच राहिले.

"तो तू? जिता आहस?"

आहे म्हटले. तिने जवळ बोलावले आणि न विचारता माझा डावा हात उचलून घेतला, बाजारात भाजी उचलावी तसा. कोपर दाबले, खांदा चाचपला, आणि अंगठा मानेच्या मुळाशी नेऊन ठेवला. बरोबर तिथे. मुठीच्या जागेवर. मी ओरडलो नाही. देवजी म्हणतो ओरडलो. तो गाडीपाशी होता.

मग तिने सांगितले. हे जसेच्या तसे लिहून ठेवतो, कारण पुन्हा कोणी सांगणार नाही.

"डोकं आलं, खांदा अडला. तू निळा, जांभळावानी. तुझी आयस सांगं, मी मरूं दे, पोर काढ. मंग मी वढला. तिनंच सांगला म्हनून वढला."

आईने हे मला कधी सांगितले नव्हते.

पाचव्या दिवशी ती आमच्याकडे हात धुवायला आली. ती रीत मला माहीत आहे: पाचव्याला घरच्यांनी सुईणीच्या हातांवर पाणी घालायचे, नारळ-तांदूळ द्यायचे, लुगडे द्यायचे, मग ती त्या बाळंतपणातून मोकळी. आमच्याकडे तोवर हात हलत नाही हे कळले होते. दार आतून लावले होते.

मग काय केले, मी विचारले.

"काय करन? तेच हात घेऊन घरा आले. मंग कोनी बोलावला नाय. धुतलं नाय त्या हाताला कोन बोलवील?"

थोड्या वेळाने तिने विचारले, दुखतो का. पंचेचाळीस वर्षांत हे मला कोणी विचारलेले नाही. सगळे शिकारीबद्दल विचारतात. नाही म्हणालो. खोटे, पण सवयीने.

सरकारला तुझी साक्ष पाहिजे, एवढेच सांगितले. जास्त तपशील तिला समजला नसता. तिने सूप भिंतीला टेकवून ठेवले. मग म्हणाली, येते. परवा गाडी पाठवतो म्हटले. आम्ही निघालो तेव्हा ती कोंबड्या धरून शेजारच्या सोमीच्या अंगणात सोडत होती. एका दिवसाच्या कामासाठी कोंबड्या द्यायची काय गरज? म्हाताऱ्या माणसांचे असेच.

ता. ६ डिसेंबर, मंगळवार

साक्ष झाली. उत्तम झाली.

म्हातारी धुवट लुगडे नेसून आली होती, बरोबर एक गाठोडे. डॉक्टरने विचारले, बाळंतपण कोणी केले. तिने दोन्ही हात पुढे केले, मनगटे जवळजवळ, आणि टेबलावर ठेवले.

"मी वढला. लिवा."

डॉक्टरने लिहिले. आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, तिने प्रत्येकाला तेच उत्तर दिले. मी वढला. अंगठा घेतला. डॉक्टर म्हणाला, झाले, जा. ती उठेना. देवजीने दंड धरून उठवले तेव्हा बाहेर पडली. दारात माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. धन्यवादाच्या अर्थाने.

तिच्याशी दोन शब्द बोलणार होतो, पण डॉक्टरने दाखला लिहायला घेतला होता, आणि शुद्धलेखनाकडे लक्ष ठेवणे भाग होते.

ता. ९ डिसेंबर, शुक्रवार

पात्र!

शेरा असा: 'जन्मतः डावा हात अधू, पाठीचा कणा वाकलेला. लेखनकामास योग्य.' खाली, सेवापुस्तकात, तांबड्या शाईची आडवी रेघ आणि मामलेदारांची सही: 'बिबट्याबाबतची नोंद रद्द.'

एकवीस वर्षे पोसलेले जनावर. देवजीने विचारले, बिबट्याचे दिवस घालणार का, भाऊसाहेब.

गौरा देवापुढे साखर ठेवून आली. मग शेरा वाचून दाखवा म्हणाली. वाचला. तिने 'वाकलेला' ऐकले, मान डोलवली, आणि आरसा भिंतीवरून काढून आणून माझ्यासमोर धरला. सरळ धरला.

तो होता. आज मी नजर काढली नाही. त्यानेही काढली नाही. पाहता पाहता लक्षात आले की त्याच्या कानशिलावर बाबांसारखे पांढरे केस आहेत, आणि तो फार दमलेला आहे.

ता. १२ डिसेंबर, सोमवार

देवजी आज टेबलापाशी उगाच घुटमळत होता. शेवटी बोलला. साक्षीच्या दिवशी म्हातारीला तो गाडीत बसवायला गेला, तेव्हा तिने विचारले होते, किती दिवस?

काय किती दिवस?

तुरुंग, देवजी म्हणाला. ती शिक्षा भोगायच्या तयारीने आली होती. गाठोड्यात कांबळे होते. म्हणून कोंबड्या दिल्या. हात मोडल्याचा खटला कधीतरी उभा राहणार हे तिने तेव्हापासून धरून ठेवले होते, आणि बोलवायला मी स्वतः आलो, सरकारचे नाव घेऊन.

तू काय सांगितलेस, मी विचारले.

मला काय माहीत, देवजी म्हणाला. मी सांगितले, साहेब कळवतील.

म्हणजे ती अजून वाट पाहते आहे.

ता. १४ डिसेंबर, बुधवार

दाभोशाला जायला हवे. पण कचेरीत वर्षअखेरची कामे. शिवाय गाडी नाही. शिवाय चूक माझी म्हणता येणार नाही. साक्ष म्हणजे काय हे माणसाने विचारून घ्यावे. देवजीकडून निरोप पाठवता येईल.

मुठीने काल झोपू दिले नाही. ओढत नव्हती. नुसती धरून होती, सोडायचे कोणी सांगितले नाही अशी.

ता. १६ डिसेंबर, शुक्रवार. बाजार

नागलीवाल्यांच्या रांगेतून गेलो, उन्हातून. म्हातारीची जागा रिकामी. सोमीला विचारले. ती म्हणाली, गोजाय घर सोडून कुठं जात नाय. सरकारचा माणूस आला आन्‌ ती घरात नसली तं?

एक लुगडे घेतले, हिरवे, आणि ते घेऊन तय्यबकडे गेलो. त्याने कोणासाठी विचारले नाही. नव्या कोटाच्या खांद्यातला कापूस काढून द्यायलाही सांगितले. तो म्हणाला, वाती वळायला चांगला आहे, वहिनींना द्या.

ता. १८ डिसेंबर, रविवार

दाभोसा. एकटाच गेलो, चालत. लिंबे नेली नाहीत.

म्हातारी गाठोडे मांडीशी घेऊन दारात बसली होती. मला पाहून उठली आणि गाठोडे उचलले. खटला नाही, शिक्षा नाही, माझी नोकरी तुझ्या अंगठ्याने राहिली, असे सांगितले. तिला पटायला वेळ लागला. दोनदा सांगावे लागले. दुसऱ्यांदा सांगताना तिच्या हातातले गाठोडे मी काढून घेतले.

मग अंगणात पाट मांडला. नारळ, तांदूळ, लुगडे. ती पाटावर बसली आणि तिने हात पुढे केले. या खेपेला मनगटे लांब लांब होती.

तांब्या एका हातानेच धरावा लागला. पाणी घालायला लागलो. ती हातावर हात चोळत राहिली, बराच वेळ, नखांतून, बोटांच्या बेचक्यांतून. तांब्या संपला, दुसरा भरून आणला.

पाणी सगळे डावीकडे सांडत होते. अंगण उतरते आहे, असे लिहिणार होतो.

अंगण सपाट आहे.